प्रधानांची किंगरी आणि ऐनवेळचे संगीत

माणिकगडच्या डोंगररांगेतील जिवती परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार पुनर्रचनेत राजुरा तालुका मुंबई राज्याकडे आला आणि त्यातूनच पुढे जिवती तालुका वेगळा झाला. त्यामुळे येथील राजगोंडांच्या संगीताचा इतिहास चांद्याच्या गोंडराजांपेक्षा आदिलाबादच्या डोंगरांशी अधिक जोडलेला आहे. हे संगीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले ते प्रधानांनी. प्रधान हे गोंडांचे वंशपरंपरागत भाट असून प्रत्येक प्रधान घराणे ठरावीक गोंड कुळांशी बांधलेले असते, आणि त्या कुळांच्या देवकार्यात व मृत्यूनंतरच्या विधींत गाण्याचा हक्क त्याच घराण्याकडे चालत येतो. प्रधानांची घरची बोली मराठी, तर गाण्याची भाषा गोंडी. एका भाषेत संसार आणि दुसरीत विद्या, अशी ही विभागणी आहे.

त्यांचे मुख्य वाद्य किंगरी. लाकडी खोडावर कातडे ताणलेले हे तीन तारांचे वाद्य गजाने वाजवतात, आणि ते वाजवणाराच कथा गातो. कुळाचा थोर देव म्हणजे पेर्सा पेन. त्याच्या पूजेत सगाची उत्पत्तिकथा सांगितली जाते. चार, पाच, सहा किंवा सात देव मानणाऱ्या कुळांच्या गटाला सगा म्हणतात. कथेचा क्रम पक्का असतो, पूर्वजांची नावे बदलत नाहीत. मात्र कोणता प्रसंग किती लांबवायचा, गद्य निवेदन थांबवून गाणे कोठे उचलायचे आणि दोन पदांमध्ये किंगरी किती वेळ एकटी बोलू द्यायची, हे गायक समोरच्या बैठकीकडे पाहून ऐनवेळी ठरवतो. श्रोत्यांना कथा आधीच ठाऊक असल्याने चूक लपत नाही.

ठरलेल्या कथेत ऐनवेळी निर्णय घेण्याच्या या रीतीच्या नेमकी उलट वाट युरोपात ‘कॅन’ या जर्मन रॉक वाद्यवृंदाने धरली. १९६८ मध्ये कोलोन शहरात स्थापन झालेल्या या वाद्यवृंदातील इर्मिन श्मिट आणि होल्गर चुकाय हे दोघे संगीतरचनाकार स्टॉकहाउझन यांचे विद्यार्थी होते, तर ढोलवादक याकी लीबेत्साइट मुक्त जॅझकडून, म्हणजे ठरीव चौकट न मानणाऱ्या वादनाकडून, एकाच तालाच्या अखंड आवर्तनाकडे वळला होता. हे वादक पूर्वयोजनेशिवाय दीर्घकाळ वाजवत आणि त्या ध्वनिफिती कापून, जोडून चुकाय रचना सिद्ध करी. १९७१ चा ‘टागो मागो’ हा ध्वनिमुद्रिकासंच बव्हंशी असाच घडला. तेथे वादन आधी आणि रचना नंतर. प्रधानांकडे रचना पूर्वजांनी लावून दिलेली आणि वादन दर वेळी नवे. उत्स्फूर्ततेला बंधनाचे वावडे असते, हा समज म्हणूनच तपासून घ्यावा लागतो.

प्रधानांच्या कथा लेखनबद्ध झाल्या त्या प्रामुख्याने क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या व्हिएन्नाच्या मानववंशशास्त्रज्ञामुळे. ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्याने त्याच्याकडे जर्मन पारपत्र होते आणि दुसऱ्या महायुद्धात त्याला हैदराबाद संस्थानाच्या हद्दीतच राहावे लागले. ही अडचण गोंडांच्या इतिहासाच्या पथ्यावर पडली. मारलवाई या गोंड गावी राहून केलेल्या अभ्यासातून आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्याचा ग्रंथ १९४८ मध्ये निघाला. त्याचे ऋण मोठे आहे, पण कागदावर उतरताना कथेचा एक पाठ कायम झाला आणि गायकाचे ऐनवेळचे निर्णय बाहेरच राहिले.

या विद्येचा आधार यजमान गोंड कुळांकडून मिळणारे धान्य, गुरे आणि कपडे हा होता, म्हणजे अखेरीस गोंडांची जमीन. राखीव जंगलांची हद्द आखली गेली, बाहेरून शेतकरी येऊन वसले, तसा हा आधार आटला. दिवाळीच्या सुमारास मोरपिसांचे टोप घालून होणाऱ्या गोंडांच्या गुसाडी नृत्याला पुढे सरकारी मान्यता लाभली आणि २०२१ मध्ये मारलवाईचे गुसाडी नर्तक कनक राजू यांना पद्मश्री मिळाली; रात्रभर बसून ऐकण्याच्या किंगरीला असा प्रेक्षक सहजासहजी मिळत नाही. विद्यापीठांनी आणि अकादमींनी या कथांचा आणखी एक प्रमाण पाठ छापण्यापेक्षा एकच कथा निरनिराळ्या प्रधानांकडून, निरनिराळ्या बैठकींत, संपूर्ण ध्वनिमुद्रित करून ठेवावी.