स्वस्ताईचीं दोन गणितें : ६५०२ आणि झेड-८०

बाजारांत दोन जिनसा शेजारीं मांडल्या म्हणजे गिऱ्हाईक प्रथम त्यांवरील आंकडा पाहतें. संगणकाच्या प्रोसेसरवरहि असा एक आंकडा असतो. तो त्याच्या घड्याळाचा. सेकंदास दहा लक्ष ठोके पडले तर एक मेगाहर्ट्‌झ, चाळीस लक्ष पडले तर चार. ज्याचे ठोके अधिक तो अधिक जलद, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतहि रूढ आहे, आणि मुलासाठीं संगणक घ्यावयास निघालेला बाप पुष्कळदां याच आंकड्यावर पैसे मोजतो. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहण्यास सन १९७५ व १९७६ सालीं अमेरिकेंत निघालेल्या दोन स्वस्त प्रोसेसरांचा इतिहास फार उपयोगी आहे. म्हणून तो येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या काळची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. सन १९७४ मध्यें इंटेलचा ८०८० किंवा मोटोरोलाचा ६८०० सुटा विकत घ्यावयाचा तर ३६० डॉलर मोजावे लागत. मोटोरोलाचे एक अभियंते चक पेडल यांना या नव्या वस्तूचे गुण गिऱ्हाइकांना समजावून सांगण्याचें काम होतें. ऐकणारे माना डोलवीत आणि किंमत कळली कीं मागें सरत. अडचण गुणांची नसून किंमतीची आहे हें पेडल यांनीं ताडलें, व पंचवीस डॉलरांचा प्रोसेसर काढण्याची कल्पना त्यांनीं मांडली. वरिष्ठांना ती रुचली नाहीं. तेव्हां त्याच वर्षीं बिल मेन्श प्रभृति सहकाऱ्यांसह ते पेन्सिल्व्हेनियांतील मॉस टेक्नॉलॉजी या लहानशा कंपनींत गेले.

चिपेची किंमत कशानें ठरते? सिलिकॉनच्या एका चकतीवर अनेक चिपा एकदम छापतात व मग त्या कापून वेगळ्या करतात. चकतीचा खर्च बहुतेक ठरलेला. म्हणून तींतून जितक्या निर्दोष चिपा निघतील तितकी एकेक स्वस्त पडते. चिप लहान केली तर चकतींत अधिक मावतात, आणि एकाद्या डागानें बाद होणाऱ्यांचें प्रमाणहि घटतें. पेडल व मेन्श यांनीं ६८०० मधील जें जें वगळतां येईल तें वगळलें. त्याचे दोन अ‍ॅक्युम्युलेटर होते, यांनीं एकच ठेविला. आणि सुमारें ३,५०० ट्रान्झिस्टरांत सारा संसार बसविला. शिवाय छपाईच्या ठशांतील दोष दुरुस्त करण्याची युक्ति मॉसपाशीं होती. तीमुळें निर्दोष चिपांचें प्रमाण पुष्कळच वाढलें. पहिल्या पहिल्या ६५०२ मध्यें तर बिट उजवीकडे फिरविण्याची आज्ञाहि नव्हती. ती सन १९७६ मध्यें आली. काटकसर म्हणतात ती हीच!

सप्टेंबर १९७५ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथील वेस्कॉन प्रदर्शनांत हा प्रोसेसर पंचवीस डॉलरांस विक्रीस आला. प्रदर्शनाच्या जागेंत रोख विक्रीस मनाई होती, म्हणून मंडळींनीं जवळच्या हॉटेलांत खोली घेऊन तेथें दुकान मांडलें. टेबलावर चिपांनीं भरलेली बरणी होती. पण तींतील खालच्या चिपा चालत नव्हत्या, हें पुढें पेडल यांनींच सांगितलें आहे. घेणाऱ्यांत स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक नांवाचा एक तरुण होता. पुढें अ‍ॅपल कंपनीचे पहिले दोन्ही संगणक त्यानें याच प्रोसेसरावर उभारले. थोड्याच दिवसांत मोटोरोलानें ६८०० ची किंमत उतरवून सुमारें ७० डॉलरांवर आणली. एक स्वस्त माल बाजारांत आला म्हणजे जे तो घेत नाहींत त्यांचाहि फायदा होतो, तो असा.

झेड-८० ची कथा निराळ्या वृत्तीची आहे. त्याचे कर्ते फेदेरिको फॅजिन हे मूळचे इटलीचे, व मासातोशी शिमा हे जपानचे. दोघेहि इंटेलच्या ८०८० च्या निर्मितींत प्रमुख होते. फॅजिन यांनीं राल्फ उंगरमन यांच्यासह झायलॉग कंपनी काढली, शिमा तींत आले, आणि सन १९७६ मध्यें झेड-८० बाहेर पडला. यांनीं वगळण्याचा मार्ग सोडून भरण्याचा धरला. ट्रान्झिस्टर सुमारें ८,५०० झाले. ८०८० साठीं लिहिलेले कार्यक्रम यावर तसेच चालत. त्यामुळें सीपी/एम या त्या काळच्या प्रमुख कार्यप्रणालीचें सारें भांडार त्यास आयतें मिळालें. पुढें सन १९८० मध्यें मायक्रोसॉफ्टनें झेड-८० बसविलेलें एक कार्ड काढलें, तें अ‍ॅपलवाल्यांनीं याच भांडारासाठीं विकत घेतलें, म्हणजे ६५०२ च्या घरांत झेड-८० पाहुणा म्हणून राहूं लागला! ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागत, यास पांच व्होल्टचा एकच पुरे. आणि डायनॅमिक मेमरीला वरचेवर उजाळा द्यावा लागतो, नाहींतर ती सारें विसरते. त्या उजाळ्याची सोय झेड-८० च्या पोटांतच होती. नक्कल करणाऱ्यांना चकविण्यासाठीं शिमा यांनीं चिपेंत कांहीं सापळेहि पेरून ठेविले होते, ही गोष्ट आम्हांस मोठी रंजक वाटते.

आतां गतीचा प्रश्न. १ मेगाहर्ट्‌झचा ६५०२ व ४ मेगाहर्ट्‌झचा झेड-८० शेजारीं ठेवूं. आंकड्यावरून दुसरा चौपट जलद ठरावा. एक लहानसा अंक अ‍ॅक्युम्युलेटरमध्यें भरण्यास पहिल्यास २ ठोके लागतात, दुसऱ्यास ७. म्हणजे एकास २ मायक्रोसेकंद, दुसऱ्यास पावणेदोन. मेमरींतील कोठलाहि बाइट उचलण्यास एकास ४ ठोके, दुसऱ्यास १३. म्हणजे ४ मायक्रोसेकंद व सव्वातीन. चौपट कोठें गेली? याचें उत्तर असें कीं झेड-८० पावलें लहान टाकतो, म्हणून तो अधिक टाकतो. मेमरीच्या एका फेरीस त्यास तीन-चार ठोके पुरवावे लागतात, ६५०२ ती एकाच ठोक्यांत उरकतो. झेड-८० चें गणित करणारें अंग एका वेळीं चारच बिटांचें आहे, तें आठ बिटांची बेरीज दोन हप्त्यांत करतें.

मात्र न्याय दोन्हीं बाजूंनीं करावयास हवा. सोळा बिटांची बेरीज झेड-८० आपल्या रजिस्टरांतच ११ ठोक्यांत, म्हणजे पावणेतीन मायक्रोसेकंदांत करतो. ६५०२ ला तीच तुकड्या-तुकड्यानें मेमरींतून करावी लागते व सर्वांत सोयीच्या जागेंतहि २० ठोके जातात. मेमरीचा एक मोठा तुकडा इकडून तिकडे हलविण्यास झेड-८० पाशीं एक स्वतंत्र आज्ञा आहे; ती बाइटास २१ ठोके, म्हणजे सव्वापांच मायक्रोसेकंद घेते, तर ६५०२ च्या साध्या फेऱ्यास चवदा लागतात. तेव्हां कोण जलद, हें काम कोणतें यावर अवलंबून आहे.

यापुढें विचार पैशाचा. प्रोसेसर कोणी नुसता घरीं नेत नाहीं. तो यंत्रासह येतो. इंग्लंडांत सन १९८१ मध्यें क्लाइव्ह सिंक्लेअर यांनीं झेडएक्स-८१ हा संगणक काढला. सुटे भाग घेऊन स्वतः जोडला तर ४९ पौंड ९५ पेन्स, तयार घेतला तर ६९ पौंड ९५ पेन्स. मेमरी अवघी एक किलोबाइट, सारें यंत्र चार-पांच चिपांत. पडद्यावर चित्र काढण्यास निराळी यंत्रणा घ्यावयाची नाहीं म्हणून तें कामहि झेड-८० वरच लादलें होतें, आणि उजाळ्याचा तो अंतर्गत गणक या कामीं जुंपला होता. परिणाम असा कीं चित्र पडद्यावर राखावयाचें तर प्रोसेसरचा सुमारें तीन चतुर्थांश वेळ त्यांतच जाई. याच्या उलट त्याच वर्षीं केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनें बीबीसी मायक्रो काढला. त्यांत २ मेगाहर्ट्‌झचा ६५०२ होता. ६५०२ ठोक्याच्या एका अर्ध्यांतच मेमरीकडे वळतो. दुसरा अर्धा एकॉर्ननें पडद्याला दिला, म्हणजे कोणी कोणासाठीं खोळंबत नाहीं. पण त्यासाठीं सेकंदास चाळीस लक्ष वेळां उत्तर देणारी मेमरी हवी, आणि ती महाग. त्याच्या मोठ्या नमुन्याची किंमत प्रथम ३३५ व लवकरच ३९९ पौंड झाली. काटकसरीनें घडलेला प्रोसेसर अशा रीतीनें महाग यंत्रांत गेला, व भरगच्च घडलेला प्रोसेसर सर्वांत स्वस्त यंत्रांत.

आमच्या मतें कारागिरीचा मान ६५०२ चा आहे. साडेतीन हजार ट्रान्झिस्टरांत एवढें काम करून दाखविणें ही असामान्य गोष्ट होय. परंतु ज्या घरांत पन्नास पौंड हेच मोठे होते त्या घराच्या दृष्टीनें मोल झेड-८० चें अधिक, कारण यंत्रांतील इतर चिपांचें ओझें तोच वाही. संथ कां होईना, पण संगणक त्या घरांत आला, हें गतीच्या कोणत्याहि आंकड्यांत दिसत नाहीं.

हे दोघेहि हिंदुस्थानांत आले. सन १९८४ मध्यें सरकारनें 'क्लास' नांवाची योजना सुरू केली व सुमारें २५० शाळांना बीबीसी मायक्रो दिले. तेव्हां ज्या मुलाची शाळा निवडली गेली त्याची गांठ ६५०२ शीं पडली. सिंक्लेअरचा पुढचा संगणक स्पेक्ट्रम, झेड-८० वरीलच. तो डेसिबेल्स कंपनीनें परवाना घेऊन आपल्याकडे विकला, व ज्याच्या बापास ते पैसे काढतां आले त्या मुलानें घरच्या टेलिव्हिजनला तो जोडून कार्यक्रम लिहिले. ज्यास दोन्हीं लाभलीं नाहींत, अशांची संख्या मात्र फार मोठी होती.

एकॉर्नचे सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर सन १९८३ मध्यें अ‍ॅरिझोनांत मेन्श यांच्या कचेरींत गेले, आणि मूठभर माणसें तेथें नवा प्रोसेसर घडवीत आहेत हें पाहून आपणहि घडवावा असें त्यांनीं ठरविलें. त्यांतून सन १९८५ मध्यें एआरएम निघाला, ज्याचे वंशज आज बहुतेक प्रत्येक मोबाइलमध्यें आहेत. झायलॉगनें झेड-८० ची आपली मूळ घडणीची चिप बंद करीत असल्याचें एप्रिल २०२४ मध्यें जाहीर केलें व शेवटच्या मागण्या त्याच वर्षीच्या जूनपर्यंत घेतल्या. तोंवर ती अठ्ठेचाळीस वर्षें विकली जात होती.