८ एप्रिल १९९४ : मायकेल जॉर्डन बेसबॉलच्या मैदानात
बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन या दिवशी बर्मिंगहॅम बॅरन्सकडून दुय्यम लीगमधील पहिला बेसबॉल सामना खेळला. तो राइट फील्डला, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाला क्षेत्ररक्षण करी. पहिल्या सामन्यात त्याला एकही हिट मिळाला नाही. मुलाने बेसबॉल खेळावा, ही वडिलांची इच्छा होती. १९९३ मध्ये त्यांची हत्या झाली. ३० जुलैला, वडिलांच्या जन्मदिनाच्या आदल्या दिवशी, पहिला होमरन मारल्यावर त्याने आकाशाकडे बोट केले. १२७ सामन्यांत फलंदाजीची सरासरी .२०२, ११४ स्ट्राइकआउट, पण ३० बेसची चोरी! शाळेनंतर बॅट न धरलेल्या ३१ वर्षांच्या खेळाडूसाठी ही कामगिरी खरोखर कौतुकाची. व्यावसायिक बेसबॉलपटूंच्या संपात बदली खेळाडू होण्याचे नाकारून मार्च १९९५ मध्ये तो शिकागो बुल्स या आपल्या बास्केटबॉल संघाकडे परतला.