एका इंग्रजी शब्दाचे नाशिकपर्व

‘डिसअफेक्शन’ हा इंग्रजी शब्द वाक्यात कोठे योजावा, हा प्रश्न वस्तुतः वैयाकरणांचा. परंतु १८७० साली दंडसंहितेत १२४-अ हे कलम समाविष्ट झाल्यापासून तो फौजदारी अदालतींचा झाला. कलमाच्या स्पष्टीकरणाने सरकारी कृत्यांविषयीची नापसंती आणि सरकारविषयीची अप्रीती यांत भेद राखला होता. तथापि १८९७ च्या टिळक खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती, असा अर्थ ज्यूरीपुढे मांडला, आणि १८९८ च्या दुरुस्तीने राजनिष्ठेचा अभाव व वैरभावनाही त्या शब्दाच्या हद्दीत आणल्या.

या अर्थविस्ताराची झळ नाशिकला लागली ती जून १९०९ मध्ये. शिवरायादी पुराणपुरुषांच्या आडून वर्तमान राजसत्तेवर शस्त्र धरण्याची चिथावणी देणारी पद्ये प्रसिद्ध केल्याच्या आरोपावरून गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकर यांना, १२१ व १२४-अ या कलमांखाली, जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली गेली. या शिक्षेचा सूड म्हणून त्याच वर्षी २१ डिसेंबरला, संस्कृतज्ञ म्हणून ख्यात असलेले नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्यावर विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या.

पुढे १९१० मध्ये ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी आपल्या ग्रंथात टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक ठरविले. त्यांनी ठेवलेला तो ठपका होता. मराठी माणसाने मात्र तो किताब समजून शिरोधार्य मानला.