सागवानाची वाट पाहणारे

मुंबई गोदीच्या इतिहासाचा अभ्यास करताना एक वाक्य मला वारंवार भेटते : सागवान होते, म्हणून जहाजे टिकली. हे अर्धेच उत्तर आहे, असे माझे मत झाले आहे.

जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. त्यांचीच ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ची. १८४२चा नानकिंगचा तह तिच्यावर झाला आणि ती मोडीत निघाली १९५७मध्ये. याउलट, १८१०मध्ये डेप्टफर्ड येथे उतरवलेल्या ओकच्या ‘क्वीन शार्लट’चे कुजलेले लाकूड समुद्रावरील कामगिरीआधीच बदलावे लागले. युद्धाच्या घाईत वापरलेले अपुरे वाळलेले लाकूड हे त्याचे एक कारण होते.

सागवानात तेलांश असतो, ते कमी आकसते, हे खरेच. पण ओल्या लाकडाचा नियम सागालाही चुकत नाही. आधी पेशींच्या पोकळीतले पाणी जाते. तोवर आकार फारसा बदलत नाही. ओलावा सुमारे ३० टक्क्यांखाली आला, की पेशींच्या भिंतींतले पाणी निघू लागते आणि लाकूड आकसते. वर्तुळांना समांतर दिशेने ते आडव्या दिशेच्या साधारण दुप्पट आकसते. म्हणून घाईने रंधा मारलेली फळी पुढे पीळ घेते, तडकते.

ब्रह्मदेशात ही प्रतीक्षा जंगलातच सुरू होई. बुंध्याभोवती साल आणि बाहेरचे कच्चे लाकूड छेदणारी खाच पाडत. झाड उभ्याउभ्या मरे आणि दोन-तीन वर्षे वाळे. ओला साग पाण्यात बुडतो. वाळलेला ओंडका मात्र नदीतून वाहत नेता येई. वाळवणे हीच वाहतुकीची पूर्वतयारी होती.

या काळात पैसा अडकून पडे. आरमाराची मागणी थांबायला तयार नसे. १८०६मध्ये मलबारच्या जंगलांवर कंपनीने कॅप्टन वॉटसन हा वनरक्षक नेमला, तो आरमाराला साग मिळावा म्हणूनच. त्याच्या मक्तेदारीने जंगलमालक आणि रयत इतकी गांजली, की मद्रासचे गव्हर्नर मन्रो यांच्या काळात, १८२३मध्ये, ते पदच रद्द झाले.

जहाजाच्या चरित्रात आपण जलावतरणाची तारीख पहिली लिहितो. माझ्या मते ते त्याआधी कित्येक वर्षे, कुऱ्हाडीच्या पहिल्या खाचेपासून सुरू करायला हवे. तसे केले, तर वाडियांच्या शेजारी जंगलात खाच पाडणारे, ओंडके ओढणारे आणि फळ्यांच्या थरांत पट्ट्या घालून वारा खेळवणारे हातही दिसू लागतील.