कोरं छत

१९९१ च्या ऑक्टोबरात मिसिसागातल्या आमच्या पहिल्या घराचा ताबा घेतला. त्या संध्याकाळी दिवाणखान्यातलं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. वर पाहिलं तर छत कोरं करकरीत. ना बल्ब, ना ट्यूब, ना पंख्याचा हूक. काहीतरी बिघाड असणार म्हणून मी शेजाऱ्याचं दार ठोठावलं. तो आपला लॅम्प घेऊनच आला, भिंतीतल्या खालच्या सॉकेटात खोचला, पुन्हा बटण दाबलं आणि कोपऱ्यात उजेड पडला. दिवाणखान्यात आणि झोपायच्या खोल्यांत छताच्या दिव्याऐवजी बटणावर चालणारं सॉकेट दिलं तरी इथल्या विद्युत नियमावलीला चालतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. गिरगावातल्या आमच्या चाळीत खोलीच्या मधोमध एक ट्यूब लागली की स्वयंपाक, अभ्यास आणि भांडणं सगळी तिच्याखालीच. इथं उजेडसुद्धा ज्याचा त्याचा वेगळा!

पण मंडळी, दिव्यांच्या बाबतीत या देशाशी आपलं नातं जुनं आहे. ज्या घासलेटावर आपल्या आज्यांचे कंदील जळले, ते केरोसीन अब्राहम गेस्नर या नोव्हा स्कोशियात जन्मलेल्या डॉक्टर-भूगर्भशास्त्रज्ञानं १८४६ मध्ये शार्लटटाउनला पहिल्यांदा जाळून दाखवलं. 'केरोसीन' हे नावही त्याचंच. आपलं 'घासलेट' म्हणजे इंग्रजी 'गॅसलाइट'चं केलेलं मराठी बाळसेदार रूप. पुढे १८७४ मध्ये टोरांटोतल्या हेन्री वुडवर्ड आणि मॅथ्यू एव्हान्स या दोघांनी नायट्रोजन भरलेल्या काचेत कार्बनची कांडी तापवून विजेच्या दिव्याचं पेटंट घेतलं. दिवा लागला, पण धंद्याला भांडवल मिळेना. अखेर पेटंटचे हक्क एडिसननं विकत घेतले. नाव कुणाचं झालं ते आपण सगळे शाळेत शिकलोच आहोत.

आणि 'हायड्रो'! इथं आल्यावर विजेच्या बिलाला लोक हायड्रो का म्हणतात हे कोडं तुम्हालाही पडलं असेल. ११ ऑक्टोबर १९१० रोजी अ‍ॅडम बेकच्या सरकारी हायड्रो कमिशननं नायगाऱ्याची वीज बर्लिन गावात आणली (पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, त्या गावाचं नाव किचनर झालं), तेव्हापासून ऑन्टारिओत पाणी आणि वीज एकच. त्याच १९१० साली मुंबईत टाटांची हायड्रो कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये लोणावळ्याचा पाऊस खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोचला. फरक एवढाच, की बेकचा हट्ट वीज लोकांच्या मालकीची आणि खर्चाच्या भावात असावी असा होता, तर आपल्याकडे आधी गिरण्या, मग घरं.

असो. लॅम्पांना कंटाळून १९९६ साली आम्ही फॅमिली रूमच्या छतात सहा पॉट लाइट बसवून घेतले. तेव्हाचे पॉट म्हणजे छताला भोक पाडून आत बसवलेले पत्र्याचे डबे, प्रत्येकात ७५ वॅटचा बल्ब. त्या खोलीवर दुसरा मजला नाही, थेट अ‍ॅटिक. दोन हिवाळे गेले आणि फेब्रुवारीत छतावर चहासारखा डाग उमटला. छप्पर गळतंय म्हणून आम्ही शिंगल्स बदलली. पैसे गेले, डाग परत आला. शेवटी एक इन्सुलेशनवाला वर चढला आणि हसतच खाली उतरला. डबे तापून आग लागू नये म्हणून बसवणाऱ्यानं त्यांच्याभोवतीचं इन्सुलेशन मागं सारलं होतं आणि खालचा प्लास्टिकचा पडदा कापला होता. घरातली ऊबदार, दमट हवा त्या सहा भोकांतून वर जाई, छपराच्या आतल्या बाजूला तिचं दव गोठे, आणि ऊन पडलं की तेच वितळून खाली टपके. म्हणजे पाणी आभाळातलं नव्हतं, आमच्याच वरणाच्या कुकरमधलं होतं! आम्ही भोकं बुजवली. छत पुन्हा कोरं.

२०१८ मध्ये आई कायमची इकडे आली. डिसेंबरात पावणेपाचाला सूर्य मावळतो, म्हणून तिची तिन्हीसांज आमच्या चहाच्या वेळी. हळूहळू तिनं वाचणं सोडलं. आम्ही ते वयावर ढकललं. मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली होती आणि डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, उजेड किती आहे? विशीच्या मानानं साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. आई तर ऐंशीची. घरी येऊन मी तिच्या खुर्चीत बसून पाहिलं. लॅम्प पाठीमागं, आणि पानावर माझ्याच डोक्याची सावली. दोन वर्षं आम्ही तिला अंधारात बसवलं होतं आणि तिनं एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

पुन्हा छत फोडायचं म्हणजे पोटात गोळाच. पण मधल्या काळात दिवाच बदलला होता. १९९३ मध्ये जपानमध्ये नाकामुरांनी झगझगीत निळा एलईडी केला. त्यावर पिवळसर पूड चढवली की पांढरा प्रकाश. अकासाकी आणि अमानोंसह त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं. आजचा पॉट म्हणजे अर्धा-पाऊण इंच जाडीची चकती. तिचा ड्रायव्हर वेगळ्या डबीत असतो. खोक्यावर 'आयसी' आणि 'एअरटाइट' असं लिहिलेलं असेल तर इन्सुलेशन अंगाला लागलं तरी चालतं आणि हवाही वर जात नाही. हे दोन शब्द आणि कॅनडाच्या मान्यतेचा शिक्का, याखेरीज खोकं हातात घेऊ नका. काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करवा. जुना डिमरही बदला, नाहीतर दिवे डोळे मिचकावत बसतात.

खरी लढाई रंगावर झाली. डबीवर एक छोटी कळ असते. २७०० केल्व्हिन म्हणजे जुन्या बल्बचा पिवळा, ५००० म्हणजे भर दुपार. बायकोला, मुलांना पिवळा हवा; बाकीचे त्यांना इस्पितळ वाटतात. आईला ट्यूबसारखा दुधाळ हवा. पिवळा उजेड म्हणजे तिच्या लेखी व्होल्टेज कमी. मी स्वस्तातला एक नमुना आणून टेबलावर लावला. आईनं काही न बोलता देवघरातलं कुंकवाचं करंडं आणून त्याखाली धरलं. कुंकू चक्क तपकिरी! स्वस्त एलईडीत लाल रंग नीट उठत नाही. खोक्यावर 'सीआरआय' नावाचा आकडा असतो, तो ९० च्या वर पाहावा, हे त्यानंतर वाचलं. परीक्षा मात्र आईचीच.

शेवटी ९ वॅटचे सहा दिवे घेतले. चार ३००० वर, आणि आईच्या खुर्चीपुढचे दोन ४००० वर, वेगळ्या बटणावर. पूर्वी ४५० वॅट जळत, आता ५४. चार हिवाळे झाले, डाग नाही.

आईजवळची पुस्तकं मात्र दुसऱ्यांदा वाचून संपली आहेत. या दिवाळीत मुंबईहून कुणी परतणार असेल आणि बॅगेत चार दिवाळी अंकांपुरती जागा असेल, तर कृपया मंडळाकडे कळवावं.