बाळाला पाजायला वेळ कोण देतं?



बाळंतिणीला आपण सगळ्या एकच सांगतो, "बाळाला अंगावरचं पाज." पण पाजायला बसायचं तर हाताला उसंत हवी, बसायला जागा हवी आणि पोटात भाकरी हवी. हे सगळं तिला कसं मिळत गेलं, तो इतिहास आज बघू या.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारो बायका काम करायच्या. त्यांतल्या कितीतरी आपल्यासारख्या खेड्यांतून गेलेल्या. बाळंतपणाची पगारी रजा नव्हती. काम सोडून पाजायला येता येत नसे. मग बाळ दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी दिली जाई. तिला 'बाळगोळी' म्हणत. या आया निर्दय नव्हत्या. मजुरी बुडाली तर चूल पेटत नव्हती.

१९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्याच हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. १९२९ साली मुंबई प्रांतात कारखान्यातल्या बायकांसाठी कायदा झाला.

१९६१ साली देशभरासाठी कायदा आला. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत दोनदा पाजायला सुट्टी द्यायची, असं त्यात लिहिलं आहे. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली.

दुसरी लढाई डब्याच्या दुधाशी होती. जाहिरातीतलं गुटगुटीत बाळ बघून आयांना आपलंच दूध कमी वाटायला लागलं. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने कंपन्यांसाठी नियम केले. १९९२ साली आपल्या देशात कायदा होऊन अशा जाहिरातींवर बंदी आली. त्याआधी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात मातृदुग्धपेढी सुरू झाली. एका आईचं जास्तीचं दूध दुसरीच्या अशक्त बाळाला मिळू लागलं. आता एसटी स्टँडवर 'हिरकणी कक्ष' दिसतात. कथेतल्या हिरकणीला बाळासाठी रायगडाचा कडा उतरावा लागला. आजच्या आईला निदान आडोसा मिळावा, एवढाच त्याचा अर्थ.

पण सख्यांनो, रजेचा कायदा नोकरीवाल्या बाईला. रोजाने खुरपणीला जाणारीला रजा कोण देणार? ऊसतोडीच्या फडात दोन सुट्ट्या कोण मोजणार? तिथे कायदा पोचत नाही, तिथे गटाने पोचायचं.

आपल्या हातात काय आहे? जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी घ्यायचं. पहिला चीक पिळून टाकू द्यायचा नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. पुढे वरच्या जेवणासोबत दोन वर्षं आणि त्यानंतरही पाजता येतं. हे आशाताई सांगतातच. पण तिच्या घरचं पाणी कोणी भरायचं, मोठ्या लेकराला कोणी सांभाळायचं, पाजायला उठली तर मजुरी कापू नका हे मुकादमाला कोणी सांगायचं, हे गटाच्या बैठकीत ठरतं.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक प्रश्न नक्की विचारा: आपल्या वस्तीत सध्या ओली बाळंतीण कोण आहे, आणि उद्या तिच्याकडे कोण जाणार?