पुण्याच्या कुंभाराने बसवलेले नाक

१७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. (नाव पारशी वाटते, पण त्या काळच्या मजकुरात तो मराठा शेतकरी आहे.) नाक गेले म्हणजे अब्रूच गेली! सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या एका विटा भाजणाऱ्या कुंभाराने त्याला नवे नाक बसवले. नाकाच्या मापाचा मेणाचा पातळ पापुद्रा कपाळावर पसरून भोवती रेघ आखली, तेवढी कातडी सोडवली. भुवयांमधला देठ मात्र राखला. त्यातून रक्त पोहोचते, खरी मेख हीच. कातडी खाली वळवून बसवली, वर काताच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपाची. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापला.

१७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने हे सचित्र छापले. अशी शस्त्रक्रिया पाहणारे डॉक्टर क्रूसो आणि फिंडले यांची नावे त्यात आहेत, कुंभाराचे नाही. सुश्रुताने गालाची कातडी सांगितली होती. कपाळाची ही युक्ती अशा कारागिरांच्या हातात टिकली. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी मृतदेहांवर सराव करून १८१४ मध्ये ती रुग्णावर केली. कर्करोगामुळे नाक गमावलेल्यांसाठी शल्यविशारद आजही कपाळाचीच कातडी घेतात.